तेरा आठवड्यांचं बिऱ्हाड



बदली हा शब्द आपल्याकडे घरोघरी माहीत असतो. बँकेतली माणसं, शिक्षक, पोलीस, तलाठी, सगळ्यांच्या घरी कधी ना कधी तो कागद येतो. मग पोरांचे शाळेचे दाखले, गॅसची नोंदणी, ट्रकमध्ये आडवं घातलेलं कपाट आणि नव्या गावात दूध कुठे मिळतं याची चौकशी. आज मी ज्या कामाबद्दल बोलणार आहे, त्यात माणूस दर तेरा आठवड्यांनी आपली बदली आपणच करून घेतो. अमेरिकेत या कामाला ट्रॅव्हल नर्सिंग म्हणतात.

मी नर्स आहे. शिकले ती आपल्याच महाराष्ट्रातल्या एका सरकारी रुग्णालयात. लग्नानंतर टेक्सासला गेले, तिथली परीक्षा दिली, आणि बरीच वर्षं डॅलसजवळच्या एकाच रुग्णालयात कायम नोकरी केली. मुलगा कॉलेजात गेला, घर रिकामं वाटू लागलं, तेव्हा हे फिरतीचं काम घेतलं. सध्या सुट्टीवर घरी आलेय. इथे ओळखीपाळखीतले सगळे एकच विचारतात, ‘म्हणजे नेमकं काय करतेस गं?’ तर तेच सांगते.

हा प्रकार तसा जुना नाही. १९७० च्या दशकाच्या शेवटी त्याची सुरुवात झाली असं मानतात. न्यू ऑर्लिन्स शहरात मार्डी ग्रा नावाचा मोठा उत्सव असतो. गर्दी लोटते, दवाखाने भरतात आणि नर्सेस कमी पडतात. तेव्हा बाहेरगावाहून थोड्या दिवसांसाठी नर्सेस आणल्या गेल्या, त्यातून ही पद्धत रुजली अशी गोष्ट सांगतात. आता तिचा मोठा धंदा झाला आहे. मधे एजन्सी असते. रुग्णालय एजन्सीला सांगतं, एजन्सी आपल्याला फोन करते. करार बहुधा तेरा आठवड्यांचा, आठवड्याला बारा बारा तासांच्या तीन ड्युट्या. राहण्या-जेवणाचा भत्ता वेगळा. तो भत्ता करमुक्त मिळवायचा तर आपलं कायमचं घर दुसरीकडे आहे आणि त्याचाही खर्च चालू आहे, हे खरोखर असावं लागतं. आयकराच्या बाबतीत अमेरिकन सरकार आपल्या सरकारइतकंच चौकस आहे.

दुसरी सोय लायसन्सची. पूर्वी प्रत्येक राज्याचं नर्सिंग लायसन्स वेगळं काढावं लागे. २००० सालापासून काही राज्यांनी एकमेकांची लायसन्सं मानायला सुरुवात केली, २०१८ मध्ये त्या कराराचं नवं रूप आलं, आणि आज चाळीसहून अधिक राज्यं त्यात आहेत. माझं टेक्सासचं लायसन्स मोंटानात चालतं, कॅलिफोर्नियात चालत नाही.

आता पैशाचं. आपल्याकडे कंत्राटी नर्स म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं, त्यात हजारो नर्सेस कंत्राटावर घेतल्या गेल्या. काम कायम नर्सचंच आणि पगार तिच्याहून कितीतरी कमी. माझ्या बरोबरच्या दोघीतिघी अशा कंत्राटावर वर्षानुवर्षं राहिल्या, कायम होण्यासाठी मोर्चात उन्हातान्हात बसल्या. अमेरिकेत नेमकं उलटं आहे. तिथे फिरत्या नर्सला कायम नर्सपेक्षा जास्त मिळतं. २०२० आणि २०२१ मध्ये, करोनाच्या लाटांत, काही ठिकाणी आठवड्याला पाच हजार डॉलरच्या वर आकडे गेले होते. पुढे ते उतरले, पण फरक राहिलाच. इकडच्या मैत्रिणींना हे सांगताना मला संकोच वाटतो. आणि तिकडे नव्या वॉर्डात पाऊल टाकताना तोच फरक माझ्या आधी तिथे पोचलेला असतो. शेजारी उभी असलेली, त्याच गावात वीस वर्षं काढलेली नर्स माझ्याकडे बघते तेव्हा ती काय हिशेब करत असेल ते मला कळतं. तिचा राग चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही.

ही झाली बाहेरची चौकट. खरा मुद्दा नव्या जागी रुळण्याचा आहे.

कायम नोकरीवर रुजू होणाऱ्या नर्सला कित्येक आठवडे कुणाच्या तरी हाताखाली शिकवतात. फिरत्या नर्सला एक दिवस मिळतो, फार तर दोन. त्यातला निम्मा वेळ ओळखपत्राचा फोटो, मास्क नीट बसतो का याची चाचणी आणि कॉम्प्युटरचा पासवर्ड यांत जातो. तिसऱ्या दिवशी तुमचे रुग्ण तुमच्या ताब्यात. एजन्सीचं म्हणणं असतं की अनुभवी माणूस आहे, शिकवायचं काय? आणि ते काही अंशी बरोबर आहे. शीर सगळीकडे सारखीच असते. सलाईन कशी लावायची, छातीत दुखतंय म्हणणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर काय बघायचं, हे हाताडोळ्यांत बसलेलं असतं, ते बरोबर येतं.

जे बरोबर येत नाही ते फार साधं असतं. सक्शनची नळी कुठल्या खणात आहे? औषधांच्या कपाटाला बोटाचा ठसा लागतो की आकडे? रात्री दोन वाजता डॉक्टरांना थेट फोन करायचा की आधी सुपरवायझरला? रुग्णाचा श्वास बिघडला तर कोणता नंबर फिरवायचा? प्रत्येक रुग्णालयात हा नंबर वेगळा. लाऊडस्पीकरवरून होणाऱ्या घोषणाही वेगळ्या. ‘कोड ग्रे’ म्हटलं की एका ठिकाणी कुणीतरी हाणामारीवर आलं आहे असा अर्थ, तर दुसऱ्या ठिकाणी वादळ येतंय, रुग्णांना खिडकीपासून दूर घ्या.

हे वरवरचं वाटेल, म्हणून एक नोंदलेली घटना सांगते. २००५ साली पेनसिल्व्हानिया राज्याच्या रुग्णसुरक्षा यंत्रणेनं ती प्रसिद्ध केली होती. तिथल्या एका रुग्णालयात एका नर्सनं रुग्णाच्या मनगटाला पिवळा पट्टा बांधला. ती जवळच्या दुसऱ्या रुग्णालयातही काम करायची. तिथे पिवळ्याचा अर्थ होता, या हाताला सुई टोचू नका. आणि या रुग्णालयात पिवळ्याचा अर्थ होता, याचं हृदय थांबलं तर ते पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न करू नका. पुढे त्या रुग्णाचं हृदय खरोखरच थांबलं. धावून आलेल्यांपैकी एकाच्या लक्षात गफलत आली म्हणून तो वाचला. त्यानंतर एकेक राज्य पट्ट्यांचे रंग एकसारखे करू लागलं, आणि २००८ मध्ये तिथल्या रुग्णालयांच्या राष्ट्रीय संघटनेनंही रंग सुचवले : तांबडा म्हणजे ॲलर्जी, पिवळा म्हणजे पडण्याचा धोका, जांभळा म्हणजे हृदय पुन्हा चालू करू नये. ती नर्स आळशी नव्हती, अडाणीही नव्हती. तिच्या डोक्यात दुसऱ्या घराचा नियम होता, इतकंच. नव्या जागी जाताना मी ही गोष्ट दरवेळी आठवते, आणि मनगटावरचा पट्टा आधी विचारून घेते.

तर २०२३ च्या जानेवारीत मी मोंटानाला गेले. मोंटाना महाराष्ट्राहून आकारानं मोठं आहे. आपली लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सव्वाअकरा कोटींच्या घरात होती. मोंटानाची २०२० मध्ये १० लाख ८४ हजार. यावरून तिथल्या रस्त्याची कल्पना करा. गाडी चालवत जाताना तासन् तास कुंपणं, गाईगुरं आणि बर्फ. मला जायचं होतं ते पूर्वेकडच्या एका छोट्या गावात. बिलिंग्ज हे जवळचं मोठं शहर, आणि ‘जवळचं’ म्हणजे गाडीनं दोन-अडीच तास, तेही रस्ता उघडा असेल तर.

अशा गावांतल्या छोट्या रुग्णालयांसाठी अमेरिकेत १९९७ साली वेगळा कायदा झाला. त्याआधी ग्रामीण रुग्णालयं धडाधड बंद पडत होती. या योजनेत बसणाऱ्या रुग्णालयात जास्तीत जास्त पंचवीस खाटा, आणि रुग्णानं राहायचं सरासरी ९६ तासांच्या आत. बदल्यात सरकार त्यांना खर्चाच्या हिशेबानं पैसे देतं. अशी तेराशेहून अधिक रुग्णालयं देशभर आहेत. डॉक्टर रात्री इमारतीत असलेच पाहिजेत असं नाही, बोलावल्यावर ठरलेल्या वेळेत पोचले पाहिजेत. आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयांत ज्यांनी काम केलं आहे त्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. मला तर वाटलंच.

पहिल्या दिवशी मी एकच काम करते. वॉर्डातली मावशी शोधते.

आपल्या सरकारी रुग्णालयात ज्यांनी चार दिवस काढलेत त्यांना वेगळं सांगायला नको. कागदोपत्री त्या आया असतात, तोंडी सगळ्यांच्या मावशी. आम्ही शिकत होतो तेव्हा रात्री पन्नास खाटांच्या वॉर्डात एक स्टाफ सिस्टर आणि आम्ही दोन विद्यार्थिनी. ऑक्सिजनचा पाना कुठे टांगलेला आहे, कुठला सिलिंडर भरलेला दिसतो पण रिकामा आहे, कुठल्या डॉक्टरांना उठवलं तर ते ओरडतात पण येतात, आणि कुठले गोड बोलतात पण येत नाहीत, हे सगळं मावशींकडून कळायचं. मेट्रननी शिकवलं त्यातलं बरंच मी परीक्षेनंतर विसरले. मावशींचं काही विसरले नाही.

मोंटानातल्या मावशी उंच होत्या, पांढऱ्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. हुद्दा नर्सिंग असिस्टंटचा. तीस वर्षं त्याच इमारतीत. त्यांचा जन्मही त्याच इमारतीत झालेला, हे मला नंतर कळलं. मी त्यांना म्हटलं, ‘मला तुमच्याबरोबर एक फेरी मारायची आहे. खण उघडून बघायचे आहेत.’ त्या म्हणाल्या, ‘फिरत्या नर्सेस हे विचारत नाहीत. त्या विचारतात कँटीन कुठे आहे.’ कँटीन नव्हतंच. मग आम्ही फिरलो. मी खिशात छोटी वही ठेवते, तिच्यात मराठीत लिहीत गेले. मराठीत लिहिण्याचा फायदा असा की वही कुणाला सापडली तरी फिकीर नसते.

त्या फेरीत मी रक्ताबद्दल विचारलं. छोट्या रुग्णालयात रक्तपेढी म्हणजे लॅबमधला एक फ्रीज. ओ निगेटिव्हच्या किती पिशव्या असतात? चार. रात्री लॅब बंद असते तेव्हा किल्ली कुणाकडे? नर्सिंग स्टेशनच्या कुलूपबंद खणात, दोन नर्सेसनी सही करून काढायची. लॅबच्या माणसाला घरून यायला किती वेळ लागतो? वीस मिनिटं, बर्फ असेल तर चाळीस. रक्त जोरात चढवायची दाबाची पिशवी कुठे? इमर्जन्सीच्या खोलीत, तिसऱ्या खणात. शेजारची कायम नर्स हे ऐकत होती. ती म्हणाली, ‘तुला पहिल्याच दिवशी रक्त कशाला लागतंय?’ आवाजात थोडा काटा होता. मी म्हटलं, ‘लागू नये म्हणून विचारते.’ मराठीत हे ठीक वाटतं, इंग्रजीत तिला ते काही कळलं नाही.

पहिला आठवडा तसाच गेला. जेवणाच्या खोलीत माझ्या टेबलावर कुणी बसायचं नाही. सर्वांत जड रुग्ण मला, दूरच्या टोकाची खोली मला. हे बहुतेक ठिकाणी होतं, त्याचं मी फार मनावर घेत नाही. सून नवी असते तेव्हा तिला भाकऱ्या थापायला बसवतातच.

राहायला एका शेतकरीण बाईंच्या घरातली मागची खोली मिळाली होती. तिथली थंडी मी आधी पाहिली नव्हती. वजा तीस. पहिल्या संध्याकाळी बाईंनी मला बाहेर नेऊन गाडीखालून लोंबणारी एक वायर दाखवली आणि ती घराच्या प्लगमध्ये खोचली. रात्रभर इंजिन गरम ठेवावं लागतं, नाहीतर सकाळी गाडी सुरू होत नाही. गाडी म्हशीसारखी रात्री दावणीला बांधायची, असं मी आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती खूप हसली. माझ्या टेक्सासच्या गाडीला ती सोय नव्हती, ती गावातल्या गॅरेजमधून बसवून घेतली. गाडीच्या डिकीत माझा कायमचा एक डबा असतो : तूरडाळ, कांदा-लसूण मसाला, कुकर, आणि तीन शिट्ट्यांचा आवाज ऐकून घाबरलेल्या घरमालकिणीला दाखवायला थोडा वरण-भात. या बाई दुसऱ्या आठवड्यापासून दर रविवारी वाडगा घेऊन येऊ लागल्या.

दहाव्या की अकराव्या रात्रीची गोष्ट. सत्तरीचे एक पशुपालक दाखल होते. शौचाला काळं होतंय म्हणून आलेले. तब्येत स्थिर होती, सकाळी बिलिंग्जला पाठवायचं ठरलं होतं. रात्री दोनच्या सुमारास त्यांनी घंटा वाजवली. मी आत गेले तर ते म्हणाले, ‘मला उगीच भीती वाटतेय.’ एवढंच. नाडी बघितली, भरभर चालत होती. कपाळाला घाम. असं कारणाशिवाय भीती वाटतेय म्हणणाऱ्या रुग्णाला मी कधी ‘काही नाही, झोपा’ म्हणत नाही. दुसऱ्या हातात मोठी सुई घातली आणि डॉक्टरांना फोन लावायला सांगितलं. तेवढ्यात त्यांना रक्ताची उलटी झाली, साधी नव्हे, भांडंभर.

बाहेर बर्फाचं वादळ होतं. डॉक्टर निघाले, पण त्यांचं घर गावाबाहेर. बिलिंग्जचं विमान उडणार नाही असा निरोप आला. लॅबचा माणूस वाटेत. त्या वेळी वॉर्डात आम्ही तिघी, मी, ती काटेरी बोलणारी नर्स आणि मावशी. मी खणाकडे वळले तेव्हा ती नर्स किल्ली काढून हातात घेऊनच उभी होती. दोघींनी सह्या केल्या. मावशी न सांगता इमर्जन्सीच्या खोलीतून दाबाची पिशवी घेऊन आल्या, आणि येता येता भिंतीवरच्या कॅमेऱ्याचं बटण दाबून आल्या. त्या बटणानं दूरच्या मोठ्या शहरातल्या अतिदक्षता विभागाचे डॉक्टर पडद्यावर येतात. ते बटण माझ्या वहीत नव्हतं. मावशींच्या डोक्यात होतं.

पहिली पिशवी सुरू झाली तेव्हा वरचं रक्तदाबाचं माप सत्तरच्या आसपास होतं. दुसरी अर्धी झाली आणि ते नव्वदच्या वर आलं. दारात बर्फानं पांढरे झालेले डॉक्टर उभे राहिले. पहाटे सहाला वारा पडला आणि विमान आलं. चारपैकी तीन पिशव्या संपल्या होत्या. चौथी बरोबर दिली.

ते गृहस्थ वाचले. बिलिंग्जला दुर्बिणीतून अल्सरचा रक्तस्राव थांबवला. मार्चमध्ये तपासणीला आले तेव्हा आम्हा तिघींसाठी गोठवलेलं गोमांस घेऊन आले, वीसेक किलो असेल. मी माझा वाटा घरमालकिणीला दिला आणि त्यांनी मला त्या बदल्यात लोणी दिलं, तूप कढवायला.

त्या रात्रीनंतर जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर कुणीतरी बसायला लागलं. फार गप्पा नाहीत. ती नर्स एकदा म्हणाली, ‘तू इथे तीन महिने राहणार, मग जाणार. तुझ्या जागी दुसरी येईल, तिला परत पहिल्यापासून सगळं आम्हीच दाखवायचं. त्याचे पैसे आम्हाला कोण देतं?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. मी येते म्हणून ते वॉर्ड चालतं हे खरं. मला दिलेल्या जादा पैशांत तिथल्या दोन कायम मुलींचे पगार वाढले असते तर कदाचित मला बोलवावंच लागलं नसतं, हेही खरं. रुग्णालयवाल्यांना हे मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि माझा करार आणखी तेरा आठवडे वाढवायचं विचारलं.

मी वाढवला. त्या सव्वीस आठवड्यांत माझी वही नीट इंग्रजीत उतरवली, चार पानं झाली. मावशींनी ती वाचून तीन ठिकाणी दुरुस्त्या केल्या. एका ठिकाणी मी लिहिलं होतं की मागचं दार रात्री बंद असतं. त्यांनी खोडून लिहिलं, ‘बंद दिसतं. खांद्यानं ढकला.’ ती पानं आता औषधांच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेली आहेत.

जुलैत मी निघाले. पुढची जागा नेब्रास्कात होती. तिथल्या सुपरवायझर बाईंनी फोनवर मुलाखत घेतली. अनुभव किती, कुठल्या मशीनवर हात बसलाय, सगळं विचारून झालं. मग त्या म्हणाल्या, तुम्हाला काही विचारायचंय का? मी विचारलं, ‘रात्री ओ निगेटिव्हच्या किती पिशव्या असतात आणि किल्ली कुणाकडे असते?’ पलीकडे जरा वेळ शांतता होती. मग त्या म्हणाल्या, ‘थांबा, मी खाली जाऊन बघून येते.’